हजार मिरच्यांचं त्रैराशिक

"सर, हजार नही होत," दर्शना फेगडे म्हणाली. खाली बसायचं सोडून ती तशीच उभी राहिली.

"दोन किलो वांग्यांच्या भरताला मिरच्या पन्नास. बरोबर?"

"बरोबर."

"चाळीस किलो म्हणजे दोन किलोच्या किती पट?"

"वीस."

"मग पन्नासाच्या वीस पट किती?"

"हजार."

"मग?"

"पण हजार नही होत, सर. सहाशे."

वर्गात खसखस पिकली. मी खडू टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. चांगली हुशार पोर, वेणी घट्ट, वही स्वच्छ, आणि डोक्यात हा काय भुसा भरला होता कोण जाणे. मी तिच्या पेपरावर दहापैकी शून्य दिलं होतं आणि ते शून्य चांगलं टपोरं काढलं होतं.

ही गोष्ट यावल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेतली, बावीस वर्षांपूर्वीची. मी दिगंबर मुळ्ये, मूळचा गुहागरकडचा. नारळ आणि कोकम यांच्यापलीकडे जेवणात काही तीव्र असू शकतं हे मला खानदेशात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. तीन वर्षांची माझी शिक्षणसेवकी संपत आली होती. पुढे कायम व्हायचं की बिस्तरा गुंडाळून गुहागर गाठायचं, हे विस्तार अधिकारी खैरनार साहेबांच्या एका अहवालावर अवलंबून होतं. देवरुखची एक मुलगी मी पाहून आलो होतो, मला ती फार आवडली होती, आणि तिच्या वडिलांनी निरोप दिला होता की कायम झालात की कळवा. न झालात तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

साहेब शनिवारी येणार होते. त्याआधी वरून परिपत्रक आलं: सातवीच्या विद्यार्थ्यांना गुणोत्तर आणि प्रमाण कितपत कळलं आहे ते दैनंदिन जीवनातल्या प्रश्नांवरून तपासावं, आणि उत्तराबरोबर मुलांकडून कारणही लिहून घ्यावं. मी विचार केला, इथल्या पोरांचं दैनंदिन जीवन म्हणजे भरीत. मग मी आयुष्यात कधी न केलेल्या भरतावर दहा गुणांचा प्रश्न काढला आणि स्वतःवरच खूश झालो.

एकतीस मुलांपैकी तीस जणांनी हजार लिहिलं. कारणंही लिहिली होती. पहिल्याचं कारण होतं, 'कारण तिरकस गुणाकार केला.' दुसऱ्याचं, 'कारण सरांनी असंच शिकवलं.' तिसऱ्याचं आणि चौथ्याचंही तेच. त्यानंतर मी कारणं वाचायचं सोडून दिलं आणि नुसते आकडे तपासत सुटलो. अर्ध्या तासात गठ्ठा संपला.

मुख्याध्यापक झोपे सरांनी निकालाचा तक्ता पाहिला. माणूस आडनावाच्या अगदी उलटा, कायम जागा आणि कायम धास्तावलेला.

"मुळ्ये, एकतीसपैकी तीस. हे एक कायले ठेवलं?"

"फेगड्यांच्या मुलीचं आहे, सर."

"मग तिले सांगा ना, खोड आणि हजार लिही म्हणून. साहेबाले शंभर टक्के पाहायची सवय आहे."

"सांगितलं मी. म्हणते, लिहून देते सर, पण खाणार कोण?"

झोपे सरांनी कपाळाला हात लावला. इथे मी गप्प बसलो असतो तर ही कथा झाली नसती. पण पंचविशीतला शिक्षक आणि सातवीतली मुलगी यांच्यात हट्ट जुंपला की शहाणपण सातवीच्या बाजूला जास्त असतं. मी म्हणालो, "सर, आपण प्रात्यक्षिकच करू. शनिवारी साहेबांच्या समोर चाळीस किलो वांग्यांचं भरीत. सगळं साहित्य मुलांनी प्रमाणानं काढायचं, हजार मिरच्या मोजून. साहेबही खूश, आणि हिचाही हट्ट मोडेल."

झोपे सरांचा चेहरा एकदम उजळला. चंपाषष्ठी होऊन गेली होती, नवी वांगी बाजारात आली होती, आणि या दिवसांत आलेल्या साहेबाला भरीत न घालता परत पाठवणं म्हणजे त्या भागात गावाची अब्रू घालवणं. भरीत तसंही करायचंच होतं. आता त्याला शैक्षणिक कारण मिळालं.

शाळा समितीच्या अध्यक्षांनी शेतातली वांगी द्यायचं कबूल केलं. मी सातवीला कामाला लावलं. फळ्यावर दोन रकाने काढले, एकात दोन किलो, दुसऱ्यात चाळीस. शेंगदाणे वीस पट. लसूण वीस पट. कांद्याची पात, कोथिंबीर, खोबऱ्याचे काप, सगळं वीस पट. पोरं पेटली. दोन किलोला एक बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं ते लाकडी उखळ, तर चाळीस किलोला वीस बडग्या. दोन किलोला एक आई, तर चाळीस किलोला वीस आया. मी टाळ्या वाजवायला सांगितल्या.

शुक्रवारी दुपारी चार वाजता हितेश बोंडे माझ्याकडे काडेपेटी मागायला आला.

"कशाला रे?"

"आग पेटवाले, सर. आईले दोन किलोले एक तास लागते. चाळीसले वीस तास. उद्या बाराले जेवायचं म्हणजे आत्ता पेटवा लागीन."

मी त्याला जवळ घेऊन समजावलं की आया वीस आहेत, सगळ्या एकाच वेळी काम करणार, म्हणून तासच लागेल. याला व्यस्त प्रमाण म्हणतात. हितेशला ते फार आवडलं.

"म्हणजे चाळीस आया आणल्या तर अर्धा तास?"

"बरोबर."

"आणि तीनशे आणल्या तर?"

"घरी जा, हितेश."

शनिवारी सकाळी आठ वाजल्यापासून शाळेच्या व्हरांड्यात सातवीचा वर्ग मांडी घालून मिरच्या मोजत बसला. लवंगी मिरची, बोटभरही नाही, पण जात मोठी खाष्ट. वजनानं घेतली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मला हजार म्हणजे हजार हव्या होत्या. एक जण सहाशे चाळीसवर चुकला आणि पहिल्यापासून मोजायला लागला. दोघांनी मिरचीच्याच हातानं डोळे चोळले आणि त्यांना नळाखाली धरावं लागलं. रडारडीची ती सुरुवात होती, पण मी ती शकुन म्हणून घेतली नाही.

दर्शनाला मी मोजायला बसवलं नव्हतं. तिला नोंदवहीत साहित्य लिहायचं काम दिलं होतं, एका कोपऱ्यात. ती लिहीत होती आणि मधूनच माझ्याकडे पाहत होती. तिचे वडील प्रल्हादभाऊ भरताच्या पंगती करण्यात तालुक्यात प्रसिद्ध, पण त्या दिवशी ते भुसावळला कुणाच्या तरी पंगतीला गेले होते. असते तर त्यांनी मला वाचवलं असतं.

मैदानावर कपाशीच्या काड्यांचा जाळ झाला, वांगी भाजली गेली, आया गोल करून बसल्या आणि सोलायला लागल्या. वीस बडग्या रांगेत मांडल्या होत्या. आणि तिथे मला आणखी एक सुबुद्धी सुचली. साहेबांना दोन वाजता दुसऱ्या शाळेवर जायचं होतं, मिरच्या ठेचत बसलो तर उशीर झाला असता. महिला बचत गटाकडे मोठा मिक्सर होता, मसाले करण्याचा. मी तो मागवून घेतला.

"सर, मिरची हातानंच ठेचतो ना आम्ही," दर्शनाची आई म्हणाली. "कितीसा वेळ लागीन?"

"वहिनी, काळ बदलला. मिक्सरला दोन मिनिटं."

"मग थोडी कमी टाकू का?"

"कमी कशी टाकणार? हजारचं गणित आहे ते."

तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं खाली पाहिलं. "गणित सरांचं हाये," शेजारीण हळूच म्हणाली, "आपन काय बोलावं." मिक्सर सुरू झाला, आणि अख्ख्या मैदानाला ठसका लागला. मी म्हणालो, ताजी मिरची आहे.

खैरनार साहेब साडेअकराला आले. धुळ्याकडचे, भरदार मिशा, चालताना आधी पोट पोचायचं आणि मागून साहेब. मी त्यांना फळ्यावरचे रकाने दाखवले, मुलांकडून त्रैराशिक म्हणवून घेतलं, वीस बडग्या दाखवल्या. साहेब प्रसन्न होते.

"मुळ्ये सर, तुम्ही कोकणातले. तुम्हाला हे झेपेल का? आमच्याकडे मिरची तोंडी लावतात."

"सवय झाली, साहेब," मी खोटं बोललो.

पंगत बसली. पोरं, आया, पंचायतीचे लोक, सगळे मिळून ऐंशी माणसं. साहेबांनी पुरीचा तुकडा मोडला, त्यात भरपूर भरीत घेतलं आणि तोंडात टाकलं. चार-पाच वेळा चावलं. मग चावणं थांबलं. मिशांची टोकं जराशी हलली.

"वा," साहेब म्हणाले.

झोपे सरांनी घास घेतला. तेही थोडा वेळ थांबले. "वा," ते म्हणाले.

मग पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 'वा' गेलं. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, यंदा कांदा फार जहाल आहे, आणि उपरण्यानं डोळे पुसले. सरपंच म्हणाले, धूर फार झाला. जाळ विझून तास झाला होता. साहेबांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, पण हात थांबत नव्हता. माणूस एकामागून एक घास घेत होता आणि समोर भिंतीकडे पाहत होता.

आता त्या भागातली एक गोष्ट मला तेव्हा कळत नव्हती. भरीत तिखट झालं असं तिथला माणूस म्हणत नाही. जीव गेला तरी म्हणत नाही, आणि बाहेरचा माणूस पंगतीला असेल तर मुळीच नाही. एकानं म्हटलं की सात पिढ्यांची मान खाली. म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून खात होते आणि मी सगळ्यांचे भरून आलेले डोळे पाहत होतो. मला वाटलं, मुलांची तयारी पाहून यांना गहिवरून आलंय. मलाही भरून आलं. त्याच भरात मी सगळ्यांत मोठा घास घेतला.

पुढचं मला सलग आठवत नाही. कानांतून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. उचकी लागली. मी पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलो आणि पाणी प्यायलो, ते आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. मग मी वळलो आणि ऐंशी माणसांसमोर, भरल्या पंगतीत ओरडलो, "तिखट आहे हो, तिखट आहे."

सगळ्यांना हवं होतं ते हेच. कोकणातल्या माणसानं म्हटलं म्हणजे आता उठायला हरकत नव्हती, त्याची सोय बघायला हवी. ऐंशीच्या ऐंशी माणसं माझी सोय बघायला टाकीकडे धावली. सरपंचांनी मला ढकलून नळ धरला. अध्यक्ष गुळाची ढेप आणायला स्वतः पळाले, आणि घरी पोचल्यावर बराच वेळ परत आलेच नाहीत. झोपे सर दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर वारा घालत होते आणि साहेबांना विचारत होते, साहेब, ताक आणू का. साहेब बोलत नव्हते. दर्शनाच्या आईनं त्यांच्या हातात गुळाचा खडा दिला, तो त्यांनी निमूटपणे तोंडात टाकला.

पंधरा मिनिटांनी साहेब सातवीच्या वर्गात आले. आवाज गेला होता. त्यांनी खूण करून मुलांना बसवलं, मला पुढे उभं केलं, आणि फळ्यावर खडूनं लिहिलं: 'हजार कोणी काढले?'

तीस हात अभिमानानं वर गेले.

साहेबांनी निकालाचा तक्ता काढला, एकतिसाव्या नावावर बोट ठेवलं आणि लिहिलं: 'ही कोण?'

दर्शना उभी राहिली. साहेबांनी तिचा पेपर मागितला. ते टपोरं शून्य त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग पेपर झोपे सरांच्या हातात दिला आणि खालच्या ओळींवर बोट टेकवलं. त्या ओळी मी कधी वाचल्याच नव्हत्या. झोपे सर उचक्या देत वाचू लागले.

"'दोन किलोचं भरीत आई बडगीत ठेचते. मिरच्या अर्ध्या ठेचल्या जातात, अर्ध्या अख्ख्या राहतात. त्या आम्ही ताटात बाजूला काढतो. पंगतीचं चाळीस किलोचं असलं की बाबा मिरच्या मिक्सरमध्ये काढतात. त्यातली एकही बाजूला काढता येत नाही. म्हणून रीत तीच राहिली तर हजार. मिक्सर असेल तर सहाशे, आणि आधी चाखून पाहावं.'"

झोपे सरांनी पेपर हळूच खाली ठेवला. मी आयुष्यात बरेचदा चुकलो आहे, पण इतक्या स्वच्छ अक्षरात माझी चूक आधीच लिहून कुणी माझ्या हातात दिली नव्हती. वाचायला दोन मिनिटं लागली असती. तेवढ्याच दोन मिनिटांत मी मिक्सरमधून मिरच्या काढल्या होत्या. मला फार लाज वाटली.

साहेबांनी फळा पुसला आणि सावकाश लिहायला घेतलं. आम्ही सगळे वाचत गेलो.

'एक शिक्षक एका दुपारी ८० माणसांना रडवतो. शाळा वर्षातून २२० दिवस भरते. त्याला कायम केले आणि त्याने ३५ वर्षे नोकरी केली, तर एकूण किती माणसे रडतील? कारण द्या.'

त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. समोर माझा अहवाल होता, कोरा.

"सहा लाख सोळा हजार, सर," हितेश बोंडेनं मागच्या बाकावरून मला मदत केली. झोपे सरांनी डोळे मिटले.

मी फळ्यासमोर उभा राहिलो. हितेशचा आकडा बरोबर होता, मी मनात करून पाहिला. तो लिहिला तर मी गेलो. नाही लिहिला तर गणिताचा शिक्षक म्हणून गेलो. देवरुखची मुलगी डोळ्यांपुढे आली, आणि तिच्या मागे तिचे वडील उभे होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते आता मिरचीचं नव्हतं. मी मागे वळून दर्शनाकडे पाहिलं. ती मला हसत नव्हती. परीक्षेत शेजारचा अडला की मुलं जशी पाहतात तशी ती काळजीनं पाहत होती.

मी लिहिलं: 'रीत तीच राहिली तर ६,१६,०००.'

थोडा थांबलो आणि खाली लिहिलं: 'पण रीत बदलेन.'

साहेबांनी दोन्ही ओळी वाचल्या. रुमालानं मिशा पुसल्या. मग पेन काढून अहवालावर झुकले. मी उलट्या बाजूनं अक्षरं लावत होतो. त्यांनी लिहिलं, 'सेवेत कायम करण्यास हरकत नाही.' सही केली. मग पेन परत उघडून सहीखाली आणखी एक शेरा मारला, 'भरीत: असमाधानकारक.' अहवाल झोपे सरांकडे देऊन ते उठले, दर्शनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि जीपकडे गेले. झोपे सर त्यांच्यामागे ताकाचा तांब्या घेऊन धावले.

मुलं बाहेर पांगली. दर्शना फळ्याकडे पाहत अजून उभी होती. मी तिचा पेपर घेतला, शून्य खोडलं, दहा लिहिले, सही केली आणि तिला दिला.

"माझी चूक झाली, दर्शना. मी वाचलंच नव्हतं."

"मले वाटलंच, सर," ती म्हणाली. राग नव्हता. तिनं पेपराची घडी घातली आणि तरी जागची हलली नाही.

"काय गं?"

"नही, ते तुमचं उत्तर."

"त्याचं काय? किती देशील?"

मी थट्टेनं विचारलं होतं. तिनं फळा पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"पाच."

"पाच? का?"

"रीत बदलेन असं लिहिलं, सर. कशी बदलणार ते नही लिहिलं. कारण द्या म्हटलं होतं साहेबांनी."

खडू हातात होता. मी फळ्याकडे गेलो आणि खाली लिहिलं: 'आधी मुलांची कारणे वाचेन, मग आकडा पाहीन.'

तिनं वाचलं. दप्तर खांद्याला लावलं.

"आता आठ," ती म्हणाली. "बाकीचे दोन वार्षिक परीक्षा झाल्यावर सांगते."